रँक निघते, मग सबस्पेसपाशी गाडी का अडते?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मॅट्रिक्स म्हणजे मार्क मिळवून देणारा धडा. रँक (एकमेकींपासून न बनणाऱ्या ओळींची संख्या) काढा, समीकरणं सोडवा, केली-हॅमिल्टनचं प्रमेय पडताळा, पायऱ्या ठरलेल्या. मग व्हेक्टर स्पेस (ज्यांची बेरीज करता येते आणि ज्यांना आकड्याने गुणता येतं अशा व्हेक्टरांचा संच), सबस्पेस (त्यातला असा भाग, की बेरीज किंवा असा गुणाकार करून त्याच्या बाहेर पडत नाही), बेसिस (ज्यांपासून अख्खा संच उभा राहतो ते कमीत कमी व्हेक्टर) येतं आणि वर्गातून प्रश्न येतो, ‘यात काढायचं काय?’ हा प्रश्न आळसातून येत नाही. तोवर उत्तर म्हणजे आकडा असायचा. आता अख्खा संच लिहायचा असतो, आणि ती सवय कुणी लावलेली नसते.

मला हा विषय उलगडत गेला तो दर पायरीला एकच प्रश्न विचारून: या रो ऑपरेशनने (ओळींची अदलाबदल, ओळीला आकड्याने गुणणं किंवा एकीतून दुसरीची पट वजा करणं) काय टिकलं आणि काय बदललं?

ओळी घ्या (१, २, ३), (२, ४, ६), (१, ०, १). शेवटपर्यंत सोपं करत नेलं की (१, ०, १), (०, १, १) आणि शून्यांची ओळ उरते. रँक २. इथवर सगळे पोचतात. कॉलम स्पेसचा (कॉलमांच्या पटी आणि बेरजांनी मिळणाऱ्या सगळ्या व्हेक्टरांच्या संचाचा) बेसिस विचारला की मात्र बरेच जण नव्या मॅट्रिक्सचे पहिले दोन कॉलम उतरवतात: (१, ०, ०) आणि (०, १, ०). हे चूक आहे. मूळ मॅट्रिक्सच्या प्रत्येक कॉलममध्ये दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट आहे. (१, ०, ०) त्या प्रतलात बसतच नाही. रो ऑपरेशन कॉलम स्पेस बदलू शकतं. टिकतं ते कॉलमांमधलं नातं: तिसरा म्हणजे पहिला अधिक दुसरा, आधीही आणि नंतरही. म्हणून पिव्हटची (ओळीतल्या पहिल्या शून्य नसलेल्या आकड्याची) जागा नव्यात बघायची, कॉलम जुन्यातून उचलायचे: (१, २, १) आणि (२, ४, ०). तेच नातं (१, १, −१) असं लिहिलं की नल स्पेसचा (मॅट्रिक्सने गुणल्यावर शून्य होणाऱ्या व्हेक्टरांच्या संचाचा) बेसिसही मिळतो. रो स्पेस (ओळींपासून तसाच बनणारा संच) बदलत नाही, तिथे नव्या ओळी खुशाल घ्याव्यात.

आयगनव्हॅल्यूंना (मॅट्रिक्सने गुणल्यावर काही व्हेक्टर स्वतःच्याच ज्या पटीत येतात त्या पटींना) हा प्रश्न जास्तच लागू पडतो. ओळी (२, १), (१, २) असतील तर त्या ३ आणि १. आधीच दुसऱ्या ओळीतून पहिलीची निम्मी वजा केली, तर कर्णावर २ आणि १.५ दिसतात; त्या मूळ मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू नाहीत. डिटर्मिनंट (आयगनव्हॅल्यूंचा गुणाकार) ३ च राहतो, म्हणून शंका येत नाही. ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची, म्हणजेच आयगनव्हॅल्यूंची बेरीज) बघावा: ४ चा ३.५ झालेला असतो.

व्याख्या लगेच उमगत नाहीत याचं मुलांनी वाईट वाटून घेऊ नये. जर्मन गणितज्ञ ग्रासमानने या कल्पना १८४४ मध्ये मांडल्या, तेव्हा गणितज्ञांनीही फारसं लक्ष दिलं नाही. व्हेक्टर स्पेसच्या अटी इटालियन गणितज्ञ पेआनोने मांडल्या १८८८ मध्ये. मी प्रत्येक व्याख्येशेजारी बसणारं आणि न बसणारं उदाहरण लिहितो. क्ष + य = ० ही रेषा सबस्पेस आहे; क्ष + य = १ नाही, कारण आरंभबिंदू तिच्यावर नाही. पहिला चरण अक्षांसकट घेतला तर त्यात बेरीज आत राहते, पण (१, १) ला −१ ने गुणलं की आपण बाहेर पडतो. दोन अटी वेगवेगळ्या का तपासाव्या लागतात, ते इथे दिसतं.