क्लच पायाला कळायला हवा

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. तो हवाच. पण गाडी बंद पडायला आली की सर अलगद क्लच दाबतात आणि आपल्याला वाटतं, जमलं! क्लास संपला, लायसन्स हातात आलं, तरी क्लच नेमका कुठे उचलतो ते माझ्या पायाला कळलं नव्हतं. ते शिकवलं मामांनी.

मामा पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या सिटी बस सेवेत, ड्रायव्हर होते, २००७ मध्ये पीएमटीची पीएमपीएमएल झाली त्याच्या कितीतरी आधीपासून. त्यांनी मला आधी ॲक्सिलरेटरला पायच लावू दिला नाही. सपाट रस्ता, पहिला गिअर आणि फक्त क्लच.

"पायाकडे काय बघतेस? समोर बघ, आवाज ऐक."

क्लच सावकाश सोडत गेलं की एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, स्टेअरिंगला बारीक थरथर येते, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच धरायचा. गाडी रेस न देता आपसूक निघते. इंजिन फिरतंय, चाकं उभी आहेत. क्लच प्लेटला त्या दोघांचा वेग जुळवायला तेवढा अवधी लागतो. पाय झटक्यात उचलला की भार इंजिनाला झेपत नाही आणि ते बंद पडतं. हे समजल्यावर माझी निम्मी भीती गेली.

मग मामांनी तळजाईच्या चढावर नेलं. पुण्यात चढावर थांबलात की मागे स्कूटर अगदी बंपरला चिकटून उभी असते, वीतभर मागे यायचीही सोय नाही. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच त्या थरथरीपर्यंत वर, थोडी रेस, आणि गाडी पुढे जायला ओढ घेतेय असं वाटलं की मगच हँडब्रेक खाली. घाई करायची नाही. मागचा हॉर्न वाजवू दे. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी चढावर तोलून धरायला मामांची सक्त मनाई, कारण प्लेट घासत राहते, तापते आणि जळका वास येतो.

आता आईला सासवडला मीच नेते. दिवे घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवते, म्हणजे इंजिनच वेग आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे पुष्कळ आहेत. कृपा करून तसं करू नका. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या (इंजिनात पेट्रोल मोजून फवारणाऱ्या) गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.