तापतो, निवतो, लुकलुकतो

सिग्नलला थांबलेली जुनी मोटरसायकल मला तिच्या इंडिकेटरवरून ओळखू येते. नव्या गाडीचा दिवा मोजूनमापून लागतो आणि विझतो. जुनीचा मात्र आयडलिंगला रेंगाळतो, एकदा लागला की विझायला तयारच होत नाही. मग चालवणारा जागच्या जागी ॲक्सिलरेटर जरासा पिळतो आणि टक-टक परत सुरू होते. शेजारच्या गाडीतल्या माणसाला वाटतं, स्वारी उतावीळ दिसते. उतावीळपणाचा काही संबंध नसतो. बिचारा इंडिकेटरला जेवू घालत असतो.

सीटखाली किंवा साइड पॅनेलच्या आत रबरात अडकवलेली एक छोटी पत्र्याची डबी असते, दोन पिनांची. हा फ्लॅशर. जुन्या थर्मल फ्लॅशरमध्ये दोन वेगळ्या धातूंची, एकमेकांना घट्ट जोडलेली पट्टी असते. बल्बकडे जाणारा करंट इथूनच जातो. त्याने पट्टी तापते, पण दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून ती वाकते आणि संपर्क तुटतो. दिवे विझतात. करंटच नाही म्हटल्यावर पट्टी निवते, सरळ होते, पुन्हा टेकते आणि दिवे पुन्हा लागतात. आपण ऐकतो ती टक-टक या टेकण्या-सुटण्याची. आत मोजणारं कुणी नाही. तरी आंतरराष्ट्रीय नियम सांगतात त्या मिनिटाला 60 ते 120 वेळांच्या हद्दीत, सगळं ठीक असेल तर, हा धातूचा तुकडा स्वतःला राखून असतो. मला याचं फार कौतुक वाटतं.

सगळं ठीक नसलं की काय होतं, ते तर आणखी मजेदार. 6 व्होल्टच्या जुन्या गाडीत 21 वॅटचा एक बल्ब साडेतीन अँपिअर ओढतो. पुढचा-मागचा मिळून 7. त्यात रात्रीचा हेडलाइट आणि पायाखाली दाबलेल्या ब्रेकचा दिवा. इंजिन मंद चाललेलं असताना चार्जिंग जेमतेम, म्हणजे भार सगळा बॅटरीवर. व्होल्टेज बसतं, करंट घटतो, पट्टी तापायला वेळ लागतो. रेस केली की चार्जिंग वाढतं आणि ताल परत येतो.

एक बल्ब गेला तर करंट निम्मा होतो. उष्णता मात्र करंटच्या वर्गाने बदलते, म्हणून ती चौथाईवर येते. पट्टी वाकण्याइतकी तापतच नाही आणि उरलेला दिवा नुसता पेटून राहतो. काही फ्लॅशर उलटे वागतात, घाई करतात. पण ताल बिघडला म्हणजे उतरून बल्ब बघायचे, एवढं दोन्हीकडून कळतं. बल्ब चांगला निघाला तर बहुधा अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट, गेलेलं असतं. अनेक गाड्यांत बल्बचं अर्थिंग इंडिकेटरच्या दांडीतून थेट फ्रेमला मिळतं. मधे गंज आला की खेळ संपला. हौसेने फ्रेम नवी रंगवून घेतली की इंडिकेटर बंद पडतात तेही यामुळेच. बोल्टखालचा नवाकोरा रंग पॉलिश पेपरने खरवडायचा, दुसरा इलाज नाही. जीव जातो, पण खरवडायचा.

मला सगळ्यात आवडतो तो मीटरमधला छोटा दिवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत दोन्ही बाजूंना मिळून हा एकच असतो. त्याची एक वायर डाव्या इंडिकेटरला, दुसरी उजव्याला. स्वतःचं अर्थिंग नाहीच. मग तो पेटतो कसा? डावा इंडिकेटर दिला की करंट डाव्या वायरने या दिव्यात शिरतो, उजव्या वायरने बाहेर पडतो आणि उजवीकडच्या बल्बांमधून अर्थिंगला जातो. इवल्याशा दिव्यातून येणारा करंट इतका थोडा, की उजवे बल्ब पेटत नाहीत, फक्त वाट देतात. उजवीकडे वळताना हेच काम डावीकडचे करतात.

ज्याने कुणी पहिल्यांदा ही वायर वाचवली तो चिक्कू असेल, पण हुशार होता. त्याला एलईडी ठाऊक नव्हते, एवढंच. आज कुणी चारही बल्ब काढून एलईडी बसवतो तेव्हा आधी लुकलुकणंच थांबतं, कारण एवढ्याशा करंटने पट्टीला ऊबसुद्धा येत नाही. मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर येतो. आता डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकतात! मीटरच्या दिव्यातून झिरपणारा करंट बल्बला किरकोळ होता, एलईडीला तो पोटभर होतो. उपाय सोपा आहे: दोन डायोड लावायचे, म्हणजे करंट दोन्हीकडून दिव्यात येईल पण पलीकडे जाणार नाही, आणि दिव्याला स्वतःचं अर्थिंग द्यायचं. काहीजण त्याऐवजी इंडिकेटरला समांतर रेझिस्टर जोडतात. म्हणजे वीज वाचवायला एलईडी आणि वाचलेली वीज जाळायला रेझिस्टर. चालतं, पण मला हसू येतं.

राहिला प्रश्न बंद करण्याचा. कारमध्ये स्टिअरिंग सरळ होताना इंडिकेटरचा दांडा आपोआप परततो. मोटरसायकल वेगात वळते ती कलून, हँडल जेमतेम हलतं, त्यामुळे ती युक्ती इथे लागू पडत नाही. यामाहाने 1970च्या दशकाच्या अखेरीस काही मोठ्या गाड्यांत वेळ आणि अंतर बघून आपोआप बंद होणारा इंडिकेटर दिला. बाकी बहुतेकांनी अंगठ्यावर भरवसा ठेवला. मधोमध दाबून बंद करायचा स्विच रूढ होण्याआधी तर बटण सरकवून नेमकं मध्यावर आणावं लागे. जरा जास्त सरकलं की दुसरी बाजू चालू. भर उन्हात मीटरचा दिवा दिसत नाही, वेगात टक-टक ऐकू येत नाही, म्हणून पुढे काही गाड्यांना बझर आला. तो इतका कर्कश, की अनेकांनी त्याची वायर काढून टाकली. आता ते दोन-दोन चौक डावा इंडिकेटर देत सरळ जातात, आणि मागचा उगाच हॉर्न का वाजवतो म्हणून वैतागतात.