डावऱ्याची बंदूक

सांगायला जरा अवघड वाटतंय पण सांगूनच टाकतो, मी बंदूक घेतली. पिस्तूल वगैरे नाही हां, हरणाच्या शिकारीची बोल्ट ॲक्शन रायफल, ती पण सेकंडहँड. विस्कॉन्सिनमध्ये वॉसॉ नावाच्या गावात राहतो आम्ही, आणि इथे नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीने हरणं मारायचा सीझन असतो. त्या नऊ दिवसांत ऑफिसात मीटिंग लावायची कुणाची टाप नाही, आपल्याकडे गणपतीत मुंबईतले चाकरमानी कसे गायब होतात, तस्संच.

शेजारचे आजोबा दोन वर्षं मला हरणाचं मटण देतायत. विकत मिळत नाही ते, शिकारीचं मटण विकायलाच बंदी आहे, कुणी दिलं तरच खायचं. मी त्याची मालवणी मसाला घालून सागुती केली आणि एक डबा त्यांना नेऊन दिला, तर म्हणाले पुढच्या वर्षी तूच मार, शिजवायला मी येतो. झालं. 1973 पासून पुढे जन्मलेल्याला इथे आधी हंटर सेफ्टीचा कोर्स करावाच लागतो, मी बाराबारा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून तो केला. परीक्षेत मला सांगायला लाज वाटेल इतपत मार्क पडले, पण पास झालो.

आता खरी अडचण. मी डावरा. लहानपणी डाव्या हाताने जेवतो म्हणून मार खाल्लेला, कात्री, विळी, ऑफिसातला माऊस, सगळं उजव्यांचं, आणि बोल्ट ॲक्शन तर त्याहून. तुम्ही चौकीवरच्या हवालदाराकडे जुनी थ्री नॉट थ्री बघितली असेल ना, तीच जात. एक गोळी झाडली की हँडल वर उचलायचं, मागे ओढायचं, रिकामं काडतूस बाहेर उडतं, मग परत पुढे ढकलून खाली दाबायचं की पुढची गोळी आत. हे हँडल ज्याला असतं तो मागेपुढे सरकणारा दांडा म्हणजे बोल्ट, आणि हँडल असतं उजव्या बाजूला. डाव्या खांद्याला बंदूक लावली तर प्रत्येक वेळी हात वरून पलीकडे न्यायचा, तेवढ्यात हरीण पुढच्या गावात.

गावातल्या दुकानात गेलो, अर्धं दुकान मासेमारीच्या गळांचं आणि अर्धं बंदुकांचं. लेफ्टी काही आहे का विचारलं तर मालक हसला आणि रॅकच्या पार टोकाची एक काढली. सॅव्हेज 110, हे मॉडेल 1958 पासून बनतंय, आणि डावऱ्यांसाठी बोल्ट ॲक्शन बनवणाऱ्या पहिल्या काही कंपन्यांतली ही. आठ महिने पडून होती, घेणार कोण! हातात द्यायच्या आधी त्याने बोल्ट मागे ओढला, आत डोकावला, करंगळी घालून चाचपलं, मग मला दाखवलं, मगच दिली. मी पण परत बघितलं, कोर्समध्ये तेच घोकून घेतलेलं, दुसऱ्याने बघितलं तरी आपण बघायचं.

मग बोल्ट पूर्ण बाहेर काढून नळीतून उजेडाकडे बघायला लावलं. आत आरशासारखं चकचकीत आणि त्यात वळत गेलेले आटे, गोळी गिरक्या घेत जाते ती त्यांच्यामुळे. नळीच्या तोंडाच्या कडेला टवका नाही ना ते नखाने बघ म्हणाला, तिथे जरा जरी मार लागला असेल तरी नेम बिघडतो. लाकूड मुठीपाशी घासून गुळगुळीत झालेलं, आणि खालच्या बाजूला सात बारीक खाचा. ह्या कसल्या? तो म्हणाला, सात हरणं असतील, नाहीतर सात वेळा नेम चुकला असेल.

गोळी थर्टी ऑट सिक्स. आपण शून्याला नॉट म्हणतो, हे ऑट. थर्टी म्हणजे नळी आतून 0.30 इंच रुंद आणि 06 म्हणजे 1906, त्या साली अमेरिकन लष्कराने घेतलेली गोळी आजही किराणा घेतल्यासारखी मिळते. 425 डॉलरचं लेबल होतं, मी 350 म्हणालो, तो बघतच राहिला. शेवटी 400 आणि वर खांद्याचा पट्टा आणि वीस गोळ्यांचा एक बॉक्स फुकट. घासाघीस डाव्या-उजव्या कुठल्याही हाताने जमते.

मग फॉर्म, 4473 नंबरचा. बंदूक स्वतःसाठीच घेताय ना, कधी गुन्हा केलाय का, गांजा ओढता का, नागरिकत्व कुठलं. ग्रीन कार्डवाल्याला घेता येते, फक्त त्याचा ए नंबर, म्हणजे परदेशी माणसाचा इथला सरकारी नोंदणी नंबर, लिहायचा. सगळं भरलं आणि गाडीचं लायसन्स दिलं तर त्यावर जुन्या घराचा पत्ता! चूक माझीच, वर्षभर बदलायचा राहिलेला. म्हटलं झाली फेरी फुकट, पण नवा पत्ता असलेला दुसरा सरकारी कागद चालतो म्हणाला, तेव्हा पळत जाऊन गाडीतल्या कप्प्यातून रजिस्ट्रेशन काढून आणलं, त्याला चिकटलेल्या श्रीखंडाच्या गोळीसकट. त्याने एफबीआयच्या सिस्टीमवर माझी पार्श्वभूमी तपासायला टाकली, आणि मी गळांकडे बघत उभा असतानाच उत्तर आलं, प्रोसीड, म्हणजे द्यायला हरकत नाही. सगळं मिळून पाऊण तास.

पाऊण तास! आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरं हाकलायला. तिच्या रिन्यूअलला ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, खेपा, आणि निवडणूक लागली की सायकलच्या दांड्याला बांधून पोलीस ठाण्यात जमा करायला. माकडांना बहुतेक आचारसंहिता कळायची, त्याच दिवसांत माडावर चढायची. ह्यातलं बरोबर कुठलं ते मला विचारू नका. पाऊण तासात बंदूक हातात घेऊन पार्किंगमधे आलो तेव्हा बरं वाटण्यापेक्षा जरा दचकायलाच झालं, एवढं खरं.

बायकोची एकच अट, बोल्ट काढून वेगळा ठेवायचा. तो आता तिच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी कुलपात आहे आणि किल्ली तिच्याकडे, म्हणजे शिकारीला जायचं तरी परवानगी काढूनच.

रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. मला वाटलं आता ओरडणार. तिने चष्मा लावला, नीट बघितली, आणि विचारलं, "मगे निवडणूक इली की ती जमा खंय करतलंस?"