मागच्या गेटवरची नीतिमत्ता

एखाद्या कारखान्याची नीतिमत्ता जोखायची असेल तर रिसेप्शनमध्ये फ्रेम करून लावलेली 'आमची मूल्ये' वाचत बसू नका. मागच्या गेटवर जा आणि भंगार कसं विकलं जातं ते बघा. कच्च्या मालाच्या भावावर दहा जणांची नजर असते. भंगार टाकाऊच, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि पैसा नेमका तिथून गळतो.

ट्रक आधी रिकामा तोलतात, मग भरलेला, आणि दोन्हींतला फरक म्हणजे माल. रिकाम्या ट्रकचं वजन जितकं जास्त दिसेल तितका माल फुकट जातो. म्हणून पहिल्या वजनाला ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्ये बसून असतात, हौद्यात पाण्याचे ड्रम नाहीतर दगड असतात, आणि माल भरायच्या आधी हे सगळं गुपचूप उतरतं. फेरीमागे 200 किलोचा घोळ आणि किलोला 35 रुपये भाव धरा, एका फेरीत 7,000 रुपये गेले. आठवड्याला दोन फेऱ्या असतील तर वर्षाला सव्वासात लाख. टर्निंगच्या (लेथवर निघणाऱ्या लोखंडी किसाच्या) ढिगाखाली तांब्याची वायर दडवून लोखंडाच्या भावात बाहेर काढणं, हा दुसरा प्रकार. तिसरा सगळ्यात सभ्य दिसतो: भंगाराचा दर वर्षभरासाठी बांधून द्यायचा आणि बाजार वर गेला की मुकाट राहायचं.

यावर उपाय साधे आहेत. रिकामं वजन गाडीच्या आरसीवरच्या वजनाशी ताडून बघायचं. दोन्ही वजनं एकाच काट्यावर, माणसं खाली उतरवून. पावती छापील हवी, तिच्यावर गाडी नंबर आणि वेळ हवी, हाताने लिहिलेली पावती चालणार नाही. अधूनमधून, न सांगता, गाडी बाहेरच्या काट्यावर न्यायची. तांबं-पितळ कुलुपाच्या पिंजऱ्यात. आणि मुख्य म्हणजे दर ठरवणारा, माल भरताना उभा राहणारा आणि पैसे जमा करून घेणारा ही तीन वेगळी माणसं हवीत. बहुतेक ठिकाणी ही तिन्ही कामं स्टोअरचा एकच माणूस करतो. तो लबाड असेलच असं नाही, पण त्याला रोज मोहाच्या तोंडी द्यायचं काम कंपनीच करते.

आता हे नियम मुळात येतात कुठून? 'संस्थापकांच्या संस्कारातून' हे वार्षिक अहवालातलं उत्तर. ते अगदीच खोटं नाही. टाटांच्या नागपूरमधल्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीत 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. टाटांच्याच जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात 1912 मध्ये आठ तासांचा दिवस आला, 1920 मध्ये भविष्य निर्वाह निधी आला, आणि त्याचा देशव्यापी कायदा व्हायला 1952 उजाडलं. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी कुणा मालकाच्या संस्कारातून मिळाली नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, वर्षानुवर्षं रेटा लावला, तेव्हा 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. आज ती सुट्टी इतकी स्वाभाविक वाटते की ती कधी मागावी लागली होती हेच विसरलं जातं.

बाकीचे बरेच नियम ठेच लागल्यावरचे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतची तत्त्वं सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालातून आली आणि कायदा 2013 मध्ये झाला. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण तर बोलकं आहे. उत्तम कंपनी कारभारासाठी 2008 मध्ये पुरस्कार घेतलेल्या या कंपनीच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 रोजी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. पुरस्कार नंतर काढून घेतला गेला. पुरस्काराच्या परीक्षकांनी कागद तपासले होते, आणि कागद चोख होते.

2013 च्या कंपनी कायद्यात या ठेचांच्या खुणा जागोजागी दिसतात. कलम 177 नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांचं 50 कोटींहून जास्त कर्ज असलेल्या कंपन्या, या सगळ्यांना तक्रारीची वेगळी वाट ठेवावी लागते आणि गरज पडल्यास तक्रारदाराला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षापर्यंत जाता आलं पाहिजे. कलम 143(12) प्रमाणे लेखापरीक्षकाला एक कोटी किंवा त्याहून मोठी अफरातफर दिसली तर ती केंद्र सरकारला कळवणं बंधनकारक आहे.

लाचेच्या बाबतीत एक पोकळी मात्र लक्षात घ्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकांपुरता आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका. कंपनीच्या वतीने कुणी लाच दिली तर कंपनीही अडकते, आणि ती टाळण्यासाठी पुरेशी व्यवस्था केली होती हे कंपनीलाच दाखवावं लागतं. पण खासगी कंपनीचा खरेदी अधिकारी खासगी पुरवठादाराकडून टक्केवारी घेतो, ते या कायद्यात बसत नाही. तिथे फसवणूक, विश्वासघात अशी आडवळणाची कलमं उरतात, नाहीतर कंपनीचे स्वतःचे नियम. म्हणून खरेदीचे नियम ढिले ठेवणं महागात पडतं.

'तीन कोटेशन घ्या' हा नियम सगळीकडे आहे आणि सगळीकडे तो वाकवला जातो. तिन्ही कोटेशनं एकाच टेबलावर टाइप झालेली असतात, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच असतात. जीएसटी नोंदणीचे पत्ते आणि मोबाइल नंबर जुळतात का बघा. पुरवठादारांचे बँक खाते क्रमांक कर्मचाऱ्यांच्या पगार खात्यांशी ताडून बघा, एक्सेलमध्ये तासाभराचं काम आहे. मंजुरीची मर्यादा 50,000 असेल आणि एकाच आठवड्यात 49,500 च्या तीन ऑर्डरी दिसल्या तर समजा की काम तोडून दिलंय. ऑर्डरची तारीख बिलाच्या नंतरची असेल तर माल आधी आला, कागद मागून रंगवले. एखाद्या पुरवठादाराची बिलं तुमच्याकडे 41, 42, 43 अशी ओळीने येत असतील, तर त्याचं दुसरं गिऱ्हाईकच नाही.

दिवाळीच्या भेटींचं पत्र दसऱ्याच्या आधी पुरवठादारांकडे गेलं पाहिजे. काजू-बदामाचे डबे टेबलावर आल्यावर धोरण आठवून काय उपयोग? जे येईल ते रिसेप्शनवर नोंदवायचं आणि सगळ्यांत सोडत काढून वाटायचं, हे सोपं पडतं. मात्र साहेबांच्या घरी पोचणारं पाकीट या वहीत येत नाही, आणि शॉपफ्लोअरला ते माहीत असतं.

तक्रारपेटी एचआरच्या केबिनबाहेर, कॅमेऱ्याखाली टांगली की ती रिकामीच राहणार. पेटीला दोन कुलपं हवीत आणि एकही किल्ली एचआरकडे नको. तक्रारीचा फॉर्म मराठी-हिंदीत हवा आणि कंत्राटी कामगारांनाही तो खुला हवा, कारण रात्री ट्रक जाताना तेच बघत असतात. निनावी तक्रारीलाही एक नंबर द्या, म्हणजे पुढे काय झालं ते विचारता येतं. पाचशे माणसांच्या कारखान्यात वर्षभर शून्य तक्रारी आल्या तर आनंद मानू नका, लोकांचा भरवसा उडालाय.

चौकशीत नेहमी होणारी चूक म्हणजे आधी संबंधिताला बोलावून विचारणं. तोवर मोबाइलमधले मेसेज साफ. पहिल्या दिवशी, कुणाला काही न बोलता, ईमेलची प्रत, गेट रजिस्टर आणि कॅमेऱ्याचं चित्रण ताब्यात घ्यायचं. कॅमेऱ्यावर जुनं चित्रण बऱ्याचदा पंधरवड्या-महिन्यात पुसलं जातं. लैंगिक छळाच्या तक्रारीची वाट मात्र वेगळी आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला आणि एक बाहेरचा सदस्य. चौकशीला 90 दिवस. बाहेरचा सदस्य म्हणून कंपनीच्याच वकिलाला बसवलं की कुंपणच शेत खातं.

तक्रार करणाऱ्याला लगेच कुणी हात लावत नाही. सूड चार-सहा महिन्यांनी निघतो: रात्रपाळी, बदली, शून्य पगारवाढ. म्हणून तक्रार निकाली निघाल्यावर सहा महिन्यांनी आणि मग पगारवाढीच्या वेळी, तक्रारदाराची हजेरी, पाळी आणि मूल्यांकन त्याच्या साहेबाऐवजी दुसऱ्या कुणीतरी उघडून बघायला हवं. ही तारीख तक्रार नोंदवतानाच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवायची.