बाहीवरचं काळीज

आज दिवसभर डोक्यात एकच इंग्रजी वाक्प्रचार घोळतोय : 'टू वेअर वन्स हार्ट ऑन वन्स स्लीव्ह'. काळीज बाहीवर लावून हिंडणं. चित्र तसं भयंकरच, पण अर्थ सरळ : मनातलं लपवता न येणं. प्रेमात पडला की जगाला कळतं, दुखावला की चार माणसांत डोळे भरून येतात. नुसत्या तापटपणाला मात्र हे सहसा लावत नाहीत. प्रेम, माया, आशा, दुःख अशा हळव्या गोष्टींसाठीच ते.

जुन्या काळी सरदार आपल्या प्रेयसीची खूण दंडावर बांधून झुंजीत उतरत, त्यावरून हे आलं असं सांगतात. असेलही. लेखी मात्र ते ठळकपणे भेटतं शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकात, तेही पहिल्याच प्रवेशात, इयागो या खलनायकाच्या तोंडी. आणि इयागो तर पक्का आतल्या गाठीचा! तो म्हणतो, माझ्या वागण्यावरून माझं मन कळायला लागलं, तर लवकरच मी काळीज बाहीवर लावीन, पाखरांनी टोचायला. लगेच पुढे : मी जो आहे तो मी नाही. म्हणजे हे बोलणाराच ते कधी करणार नाही. आपण मात्र आज ते निर्मळ माणसाचं कौतुक म्हणून वापरतो.

गंमत त्या पाखरांची. 1622च्या छापील प्रतीत कबुतरं आहेत, 1623च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या छापील संग्रहात, कावळ्याच्या जातीचे पक्षी. मला फोलिओतलंच पटतं. काळजावर चोच मारायला कबुतर काय कामाचं?

स्वतःबद्दल कुणी हे म्हणालं की मी जरा सावध होते. 'मी बाई मनात काही ठेवत नाही' म्हणत समोरच्याला वाट्टेल ते सुनावणारे कमी नाहीत. ती फटकळपणाची सबब झाली. दुसऱ्याने आपल्याबद्दल म्हटलं तर गोष्ट वेगळी, मग तेच शब्द छान वाटतात.

इयागोची भीती अगदीच खोटी नाही म्हणा. पहिल्या अंकाच्या शेवटी तोच नाटकाच्या नायकाबद्दल, ऑथेल्लोबद्दल सांगतो : हा मोकळ्या मनाचा, जो प्रामाणिक दिसेल त्याला प्रामाणिकच समजणारा, गाढवासारखा नाकाला धरून नेता येईल असा. आणि नेतोही. तरी त्या दोघांपैकी शेजार निवडायचा झाला, तर मी ऑथेल्लोचाच निवडीन. (डेस्डिमोनाला, म्हणजे ऑथेल्लोने संशयापायी मारलेल्या त्याच्या बायकोला, विचारलं तर ती काय म्हणेल, हा प्रश्न आहेच.)