ओसीटीच्या कागदावरचा लाल रंग

डोळ्यांच्या रुग्णालयात ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारी) म्हणून काम करताना ओसीटीच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर मोजणाऱ्या, यंत्रासमोर मी दिवसाला वीस-पंचवीस माणसे बसवते, आणि संध्याकाळपर्यंत त्यांतले बहुतेक चेहरे पुसले जातात. गेल्या पावसाळ्यातला एक मंगळवार मात्र मला अजून तपशीलवार आठवतो. त्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या एक काकू डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या ४३ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर कोणा डॉक्टरांनी ‘स्मृतिभ्रंशाची सुरुवात?’ असे लिहिले होते. कागदी पिशव्या करण्यात मुलाचा हात बसलेला होता. पण चार-पाच महिन्यांपासून घड्या वाकड्या पडू लागल्या होत्या, जिना उतरताना तो मध्येच कठडा धरून थांबू लागला होता, आणि दारात आलेल्या सख्ख्या मावशीलाही त्याने ओळखले नव्हते.

“यांच्यात हे लवकर होतं म्हणतात,” काकू म्हणाल्या. “डोळ्याच्या फोटोत मेंदूचं कळतं, असं भाच्यानं मोबाइलवर वाचलंय. तेवढं बघून सांगा.”

भाच्याने वाचलेले अगदीच निराधार नव्हते. डोळ्याचा पडदा गर्भावस्थेत मेंदूच्याच भागातून तयार होतो, आणि त्यातल्या चेतातंतूंच्या थराची जाडी ओसीटी प्रकाशाच्या साहाय्याने मायक्रॉनमध्ये मोजते. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अ‍ॅमिलॉइड ज्या प्रथिनापासून सुटते, त्याचे जनुक नेमके याच गुणसूत्रावर आहे; त्यामुळे चाळिशीपर्यंत यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइड साचलेले असते आणि आयुष्यभरात स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानली जाते. म्हणून संशोधक यांच्या पडद्याकडे वळले, हे स्वाभाविकच होते. डोळ्यात मेंदूचे उत्तर शोधण्याचा मोह तसा जुना आहे. बाहुली मोठी करणाऱ्या ट्रॉपिकामाइड या औषधाच्या अत्यंत विरळ थेंबांनी अल्झायमरच्या रुग्णांची बाहुली इतरांपेक्षा जास्त मोठी होते, असे १९९४ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आले होते आणि त्या कल्पनेचे मूळ डाउन सिंड्रोमवरच्या निरीक्षणांतच होते; पण पुढच्या अभ्यासांत ती चाचणी टिकली नाही. तेच औषध मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत घालत असते, म्हणून ही हकिगत माझ्या डोक्यातून जात नाही.

अक्षरांचा तक्ता बाजूला ठेवून मी घर, सफरचंद, चौकोन आणि गोल अशी चित्रे काढली, आणि त्याने हातातल्या कार्डावर जुळणाऱ्या चित्रावर बोट ठेवावे, असा खेळ मांडला. तीन मीटरवर तो गप्प राहिला. काकू हळूच म्हणाल्या, “बघा, विसरला.” मी एका मीटरवर आले, तेव्हा त्याने चारही चित्रे न चुकता दाखवली. बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाहुल्या राखाडी दिसत होत्या. डाउन सिंड्रोममध्ये मोतीबिंदू लवकर होतो, हे माहीत असूनही या घरात त्याचा विचार कोणाच्याही मनात आला नव्हता, कारण जे काही बिघडेल ते ‘यांच्यात असतंच’ या खात्यात टाकण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे.

चिठ्ठीत मागितली होती म्हणून ओसीटीही केली. आधी काकूंनी हनुवटी टेकवून दाखवली, मग त्याने टेकवली. आतली हिरवी खूण सापडेपर्यंत “दादा, दिसली की टेबलावर टकटक करा,” असे मी सांगत राहिले. बऱ्याच वेळाने एकदा टकटक झाली आणि मी बटण दाबले. प्रिंट निघाली, आणि ती ट्रेमध्ये तशीच सोडून मी डॉक्टरांना बोलवायला गेले. ही माझी चूक. परत आले, तेव्हा काकू तो कागद दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. तंतूंच्या थराची जाडी दाखवणाऱ्या वर्तुळाचे दोन भाग लालभडक होते.

“लाल म्हणजे गेलं का सगळं?”

मी त्यांना खुर्चीवर बसवले. कागदाच्या कोपऱ्यातला सिग्नलचा आकडा दहापैकी चार होता. सहाच्या खाली आला, तर आम्ही त्या मोजमापावर विसंबत नाही, आणि मोतीबिंदूतून प्रकाश नीट आत जात नसल्याने तो पडणारच होता. शिवाय त्याचा नंबर मोठा उणे होता, आणि अशा लांबट डोळ्यांत तंतूंचा थर मुळातच पातळ मोजला जाऊन यंत्र उगाच लाल रंग दाखवते. मेंदूविषयी त्या कागदाने काहीच सांगितलेले नव्हते. डॉक्टरांनी स्लिटलॅम्पवर पक्का मोतीबिंदू पाहिला आणि थायरॉइड व बी-१२च्या तपासण्याही लिहून दिल्या.

थायरॉइडची कमतरता निघाली, गोळ्या सुरू झाल्या. हृदयाची इको आणि मानेच्या मणक्यांची तपासणी करून पूर्ण भूल देऊन एकेक डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, त्यामुळे भूलतज्ज्ञांनी घाई केली नाही.

डिसेंबरात ते पुन्हा आले, तेव्हा सिग्नल आठ होता आणि वर्तुळ जवळजवळ सगळे हिरवे. काकूंनी या वेळी कागद मागून घेतला. “आता भीती गेली ना?”

मान डोलावणे सोपे होते. पण हिरव्या रंगाचा अर्थ इतकाच, की मोजमाप यंत्रातल्या निरोगी लोकांच्या आकड्यांत बसते. डाउन सिंड्रोम असलेल्यांसाठी वेगळी तुलना आमच्या यंत्रात नाही, आणि अनेक अभ्यासांत तर यांचा पडदा इतरांपेक्षा जाड आढळला आहे. मुळात जाड असलेला थर झिजू लागला, तरी काही काळ कागद हिरवाच राहू शकतो. हे मी काकूंना जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मी सरासरी जाडीचा आकडा केसपेपरवर पेनाने लिहिला, शेजारी ‘पहिली नोंद’ असे लिहिले आणि वर्षभराने यायला सांगितले. चाळिशीनंतर यांच्या रोजच्या कामांची दरवर्षी पाहणी करावी आणि तुलना ज्याची त्याच्याशीच करावी, असे डॉक्टरही सांगत होते. काकूंनी केसपेपरची मागची बाजू उलटली आणि तो एकट्याने काय काय करतो, ते लिहायला घेतले: आंघोळ, शर्टाची बटणे, फोन उचलणे. तो खांद्यावरून डोकावून वाचल्यासारखे करत होता. तिसऱ्या ओळीवर त्याने कागदावर बोट ठेवले.

“पिशव्या लिही,” तो म्हणाला. “काल चाळीस.”

“छत्तीस,” काकू म्हणाल्या, आणि छत्तीस लिहिले.