माझा अनुभव: मेश वाय-फायचे दिवे बाबांना कसे वाचता आले

आई-बाबांचं घर सदाशिव पेठेत, जुन्या इमारतीत. विटांच्या जाडजूड भिंती आणि आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्या. फायबरचं मोडेम, म्हणजे ओएनटी, रस्त्याकडच्या खोलीत आणि आईचा गीतापठणाचा ऑनलाइन वर्ग मागच्या खोलीत. मधल्या दोन भिंती ओलांडून तिच्या टॅबपर्यंत रेंज जेमतेम पोचायची. अध्याय रंगात आला की आवाज तुटायचा. म्हणून दिवाळीत मी टीपी-लिंक डेकोचे दोन डबे आणून बसवले. हे मेश वाय-फाय, म्हणजे डबे आपसात जोडले जाऊन घरभर एकच वाय-फाय पसरवतात. मी राहते पिंपळे सौदागरला. काही अडलं की फोनवरच निस्तरायचं, हे ठरलेलंच होतं. त्यामुळे या डब्यांवरचा दिवा काय सांगतो ते आई-बाबांना नीट समजणं माझ्यासाठी वेगाइतकंच महत्त्वाचं होतं.

बसवणं सोपं गेलं. डबा सुरू होताना पिवळा दिवा लागतो. मग निळा लुकलुकायला लागला की डबा जोडणीसाठी तयार आहे असं समजायचं आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून पुढचं करायचं. जोडणी चालू असताना निळा स्थिर राहतो. नेट मिळालं की हिरवा, काही मॉडेलांवर पांढरा. हिरवा लुकलुकत असेल तर डबा स्वतःचं सॉफ्टवेअर अपडेट करतोय, तेव्हा स्विच बंद करायचा नाही. लाल स्थिर म्हणजे डब्याला नेट मिळत नाही किंवा त्याच्यातच काही बिघडलंय. लाल लुकलुकता म्हणजे हा डबा मुख्य डब्यापासून तुटलाय. हे सगळं एकाच दिव्यावर.

आणि बाबांना लाल-हिरवा कळत नाही.

तरुणपणी रेल्वेच्या नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा त्यांना हे पहिल्यांदा समजलं. ठिपक्यांच्या गोलात लपलेला आकडा ओळखायच्या त्या पाट्या शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली प्रसिद्ध केल्या, आणि अजूनही त्याच वापरतात. बाबांना त्यातले बरेच आकडे दिसलेच नाहीत. निळा त्यांना स्वच्छ दिसतो. हिरवा दिवा मात्र पांढुरका वाटतो, आणि लाल मळकट पिवळा. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. म्हणजे बाबांकडून माझ्यामार्फत माझ्या मुलाकडे जाण्याची शक्यता अर्धीअर्धी होती. त्याचीही तपासणी करून घेतली, त्याला नाही.

पावसाळ्यात एका दुपारी बाबांचा फोन आला, नेट गेलंय. आई मंडईत गेली होती. मी विचारलं, "बाबा, दिवा कुठला आहे?" ते म्हणाले, "पिवळा." पिवळा म्हणजे डबा नुकताच सुरू होतोय, म्हटलं थोडं थांबू. बऱ्याच वेळाने परत विचारलं, तरी पिवळाच. एवढा वेळ पिवळा राहत नाही. आई आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, "अगं, लालभडक आहे की!" बाबा त्यावर काही बोलले नाहीत. मला ती शांतता फार लागली. जो माणूस आयुष्यभर घरातल्या फ्यूजपासून मिक्सरपर्यंत सगळं स्वतः दुरुस्त करत आला, त्याला एका दिव्याचा रंग सांगायला दुसऱ्या कुणाची तरी वाट बघावी लागत होती.

त्याच फोनवर मी त्यांना म्हटलं, डेको राहू दे, मोडेमकडे जा. तिथे दिव्यांची रांग आहे आणि प्रत्येकाखाली नाव छापलंय: पॉवर, पॉन (फायबरवरची जोडणी), एलओएस, लॅन. त्यांनी चष्मा लावून वाचून सांगितलं, "एलओएस लुकलुकतोय. पॉन बंद." रंग विचारायची गरजच पडली नाही. एलओएस पेटला याचा अर्थ फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, आणि ते काम घरातलं नाही. डेको बंद-चालू करून, अ‍ॅप उघडून काहीही होणार नाही. सरळ तक्रार नोंदवायची.

दुसऱ्या दिवशी फायबरवाला मुलगा आला तेव्हा मी मुद्दाम तिथे थांबले होते. गल्लीतल्या गुलमोहराची फांदी खांबावरच्या केबलवर पडली होती. त्याने आधी मोडेमला जाणारी वायर काढून पॉवर मीटरला, म्हणजे प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या यंत्राला लावली. तिचं टोक हिरवं असतं, आणि आतला काचेचा तंतू आठ अंशांत तिरका घासलेला असतो, म्हणजे परतणारा प्रकाश मागे जात नाही. मीटरवर आकडाच येईना. "काकू, पॉवरच नाहीये, बाहेर तुटलीये," तो आईला म्हणाला. बाबा वाकून त्या टोकात बघायला गेले तर त्याने हात मध्ये घातला: "आजोबा, डोळा लावू नका." मोडेमकडे येणारा तो प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, इन्फ्रारेड. कुणाच्याच डोळ्यांना तो दिसत नाही, आणि म्हणूनच धोक्याचा.

खांबाजवळ जोड मारून तो परत आला, मीटर लावलं, उणे एकवीस. बाबांनी लगेच विचारलं, उणे कसं काय? त्याने छान समजावलं. शून्य म्हणजे एक मिलिवॅट, आणि दर तीन आकडे खाली गेलं की ताकद निम्मी होते. उणे वीसच्या आसपास म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा भाग, पण मोडेमला तेवढा पुरतो. साधारण उणे सत्तावीसच्या खाली गेलं की त्याला नीट वाचता येत नाही. मोडेम परत जोडलं. एलओएस विझला, पॉन आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. बाबा एकेक दिव्याचं नाव घेऊन मोठ्याने सांगत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबांसाठी मोडेम जास्त माणुसकीचं आहे. त्यात प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र दिवा आणि स्वतःची जागा आहे, पेटला की विझला एवढंच बघायचं. डेकोसारखे मेशचे डबे दिसायला सुबक, पण सगळं बोलणं एकाच दिव्याच्या रंगावर सोपवतात. अ‍ॅपमध्ये शब्दांत लिहिलेलं येतं हे खरं, पण नेट गेलेल्या घरात सत्तरी पार केलेल्या माणसाने आधी मोबाइल डेटा चालू करावा, मग अ‍ॅप उघडावं, ही अपेक्षा मला पटत नाही. भिंतीवरच्या डब्याकडे बघून कळलं पाहिजे.

म्हणून आता आमच्याकडे क्रम असा आहे: आधी मोडेम. एलओएस पेटलेला असेल तर बाहेरचं काम. एलओएस विझलेला आणि पॉन स्थिर असेल, तरी नेट नसेल, तर रिचार्ज संपलाय का ते बघायचं. निम्म्या वेळा तेच असतं. मोडेमचं स्वतःचं वाय-फाय आम्ही बंद ठेवलंय, त्यामुळे डब्ल्यूलॅनचा दिवा कायम विझलेलाच दिसणार, तो बिघाड नाही. मोडेमवर सगळं ठीक असेल तरच डेकोकडे जायचं.

डेकोवर अडचण उरतेच. अपडेट चालू असताना हिरवा लुकलुकतो, तुटल्यावर लाल लुकलुकतो, आणि बाबांना दोन्ही म्हणजे नुसतं लुकलुकणं. त्यातल्या एकात स्विचला हात लावायचा नसतो. यावरचा उपाय आईच्या कपाटात सापडला, आकाशकंदिलाचा उरलेला लाल जिलेटिन कागद. त्याची दुहेरी घडी डोळ्यासमोर धरली की हिरवा दिवा जवळजवळ दिसेनासा होतो आणि लाल तसाच झळकत राहतो, कारण लाल कागद लाल प्रकाश सोडतो आणि हिरवा अडवतो. बाबांनी कागद धरून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा धरला. "हा गेला की! म्हणजे हिरवा." डेको लाल असताना हे पडताळायला मी मोडेमकडून येणारी केबल काढली. दिवा लाल झाला, कागदातून तो लख्ख दिसला. पिवळाही कागदातून दिसतो, तेवढी मर्यादा आहे. पण पिवळा सुरुवातीची काही मिनिटंच असतो, त्यापुढेही कागदातून उजेड दिसत राहिला तर तो लाल. ज्यांच्या घरी कुणाला रंगांचा हा त्रास आहे त्यांनी हे जरूर करून बघावं. जिलेटिन कागद तुळशीबागेत सहज मिळतो, रंग मात्र गडद हवा.

मागच्या खोलीतला डबा मधूनमधून लाल लुकलुकायचा, त्याचं कारण वेगळं निघालं. आईने तो लोखंडी कपाटामागे सरकवला होता, वायर दिसू नये म्हणून. लोखंडातून वाय-फाय जात नाही आणि जाड भिंतीत ५ गिगाहर्ट्‌झचा बँड २.४ पेक्षा लवकर दमतो. दुसरा डबा जिथे रेंज नाही तिथे ठेवायचा नसतो, जिथपर्यंत पहिल्याची रेंज अजून चांगली पोचते तिथे ठेवायचा. मधल्या खोलीच्या दारालगत फळीवर ठेवल्यापासून तक्रार नाही.

शेजारच्या काकूंशी बोलताना एक गोष्ट कळली, ती सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. काकूंच्या मुलाने ऑर्बी हे दुसरं मेश बसवलंय. त्याच्या दुसऱ्या डब्यावर जोडल्यावर निळा दिवा लागतो, तो चांगल्या जोडणीची खूण असतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. आमच्याकडे निळा म्हणजे अजून जोडणीच झालेली नाही. ईरो या आणखी एका मेशवर निळा लुकलुकला तर ब्लूटूथ चालू आहे, आणि सगळं ठीक असल्याची खूण स्थिर पांढरा. गुगल नेस्टवरही पांढराच, पिवळा लुकलुकला तर नेटवर्कची अडचण. काकू आपल्या अनुभवावरून आईला प्रेमाने सांगत होत्या की निळा आला म्हणजे काळजी नको, आणि आमच्या डब्यावर ते नेमकं उलट होतं.

राहता राहिला गुरुवार. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुतेक गुरुवारीच जाते. परत आली की मोडेम आणि डेको एकदमच उठतात, पण मोडेमला फायबरवर नोंदणी करून नेट मिळायला वेळ लागतो. तोवर डेकोला पलीकडे काहीच सापडत नाही आणि तो लाल होतो. मग आई घाबरून दोन्ही स्विच पुन्हा बंद करायची, की सगळं पहिल्यापासून. आता बाबा पॉन स्थिर होईपर्यंत कुणाला स्विचला हात लावू देत नाहीत. मोडेम आणि मुख्य डेकोसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस घ्यायचं ठरतंय. दोघांच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बाबांनी कागदावर उतरवून ठेवलेत, पिनचा आकार मोजायचा राहिलाय.